मंगळवारची आगबोट

आमच्या एसुआनो गावात आगबोट वेळेवर आली की लोक कपाळाला हात लावायचे, आणि उशिरा आली की किनाऱ्यावर ढोल वाजायचे. नाटकाच्या दौऱ्यावर असताना खेळ सुरू होण्याआधी मी हे सांगायचो आणि पहिल्याच वाक्याला हशा घ्यायचो. पण आमच्या गावाला त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

त्याचं असं होतं. इंग्लंडहून टपाल आणणाऱ्या आगबोट कंपनीशी सरकारने करार केला होता. किनाऱ्यावरच्या ठरावीक गावांना ठरावीक दिवशी टपाल पोचवायचं. त्याबद्दल सरकार कंपनीला दरसाल भरघोस रक्कम देणार, आणि बोटीला उशीर झाला तर त्यातूनच दंड कापणार. दंड कोणाला आवडतो? कप्तान लोक घड्याळाला बांधल्यासारखे यायचे. आणि घड्याळाप्रमाणे आली की बोट आमच्यासमोर उभी राहायची ती नेमकी मंगळवारी.

मंगळवार म्हणजे बोसोम्पोचा, दर्यादेवाच्या विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी आमच्याकडे कोणी होडी पाण्यात लोटत नाही. जाळी विणली जातात, जुनी भांडणं मिटवली जातात, नवी उकरून काढली जातात, पण होडी वाळूवरून हलत नाही. आणि आमच्या किनाऱ्याला धक्का कुठला? आगबोट लांब खोल पाण्यात नांगर टाकणार, आणि मधल्या फुटणाऱ्या लाटांतून तिच्यापर्यंत जाणार त्या आमच्याच होड्या. म्हणून मंगळवारी जकात कचेरीच्या खांबावर तांबडा बावटा चढायचा. कप्तान दुर्बिणीतून तो बघायचा, एक लांबलचक भोंगा वाजवायचा, आणि आमचं टपाल पोटात घेऊन पुढे क्वानसाक्रोमला निघून जायचा. तिथे तो बुधवारी पोचायचा. तिथल्या होड्या मजेत सगळ्या थैल्या उतरवून घ्यायच्या, आणि आमच्या थैल्या मग हमालांच्या डोक्यावरून, दोन खाड्या ओलांडून, कधीतरी परत यायच्या. बरोबर क्वानसाक्रोमवाल्यांचा निरोप असायचाच. "तुमचा दर्या पिसाळलाय म्हणे. आमच्याकडे धाडा, माणसाळून देतो."

वाटेत कुठे यंत्र बिघडलं, कोळसा कमी पडला, बोटीला एक दिवस उशीर झाला, तर ती बुधवारी यायची आणि टपाल आमच्या दारात. त्यामुळे रविवारी मेथडिस्ट चर्चमध्ये काही धर्मशील बायका डोळे मिटून कसली प्रार्थना करत, हे पाद्रीबाबांनी कधी विचारलं नाही. बरंच केलं.

या गोष्टीच्या मध्यावर एक माणूस उभा आहे. होडीच्या मागच्या टोकाला, पाय रोवून, लांब सुकाणूचं वल्हं काखेत धरून. एबो एसुमान, टपालाच्या होडीचा तांडेल. सगळा किनारा त्याला एग्या म्हणायचा. एग्या म्हणजे बाप. वयाने मोठे लोकही म्हणायचे, आणि त्याला ते अगदी योग्य वाटायचं.

माणूस बुटका, मान जाड, आवाज मात्र हळू. मंगळवारचा जन्म. "मी आणि दर्या एकाच दिवशी विश्रांती घेतो," तो म्हणायचा, "फरक एवढाच की त्याला कोणी आळशी म्हणत नाही." टपालाच्या दिवशी उघड्या अंगावर काळा कोट चढवायचा. कुठल्याशा मेलेल्या व्यापाऱ्याचा होता तो, सगळी बटणं शाबूत. लाटेने भिजून कडक झालेला तो कोट काढून ठेवला तरी बाईसारखा कमरेवर हात ठेवून उभा राहील असं वाटायचं. कोणी हसलं तर एबो म्हणायचा, "टपाल राजाचं आहे. राजाच्या मालाबरोबर उघडा गेलो तर राजाची इज्जत काय राहिली?"

मी त्याच्या होडीवर वल्हेकरी होतो. पहिलं महायुद्ध संपून थोडाच काळ झाला होता, मी विशी ओलांडलेली होती, आणि खरं सांगायचं तर वल्हं मारण्यात मी मध्यमच होतो. मला घेतलं होतं गळ्यासाठी. वल्ह्यांचा ठोका गाण्यावर चालतो. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची, आणि त्या उचलण्यात वल्हं पाण्यात. एबो मला कोंबडा म्हणायचा. "कोंबड्या, आरव. पण मी सांगेन तेव्हाच."

तेव्हाच. हा त्याचा आवडता शब्द. फुटणाऱ्या लाटा एकसारख्या येत नाहीत. मोठ्या लाटांची रांग येते, मग दर्या दम खातो, मग पुन्हा रांग. त्या दम खाण्यात घुसायचं असतं. घाबरट तांडेल लवकर घुसतो आणि होडी उलटते. बढाईखोर तांडेल उशिरा घुसतो आणि तीही उलटते. एबो दातण चावत उभा राहायचा. होडीतले व्यापारी ओरडत, गोऱ्या बाया डोळ्यांवर हात घेत, लाटा आमच्या नाकासमोर फुटत, आणि हा गृहस्थ दातणाचा चोथा थुंकून म्हणायचा, "आता." मोठ्याने नाही. शेजारच्या माणसाला मीठ दे म्हणावं तसं.

पुढे मी रंगमंचावर गेलो. लुगडी नेसून, डोक्याला रुमाल बांधून तीस वर्षं बायकांच्या भूमिका केल्या. लोकांचा हशा संपण्याआधी बोललेलं वाक्य बुडतं, हशा पार विरल्यावर बोललेलं वाक्य वाळूत रुततं. मधे एक क्षण असतो, तिथे बोलायचं. लोक विचारायचे, हे कोणाकडे शिकलास? मी एबो एसुमानचं नाव सांगायचो आणि लोकांना वाटायचं हा कुणी मोठा नट असणार. नट तो होताच म्हणा.

त्याची बायको एकुआ बेंतुमा गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या आईच्या घरात राहायची. आमच्याकडे तशीच रीत. संध्याकाळी तिच्याकडून जेवण यायचं, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचं, केळीच्या पानात बांधलेलं केंके, तळलेली मासळी आणि मिरचीचं वाटण. ती खुशीत असली की मासळी मोठी. रागात असली की वाटणात मीठ नाही. एबो घास घ्यायचा आणि सगळ्या घडामोडी त्याला कळायच्या. "बाजारात माझ्याबद्दल काहीतरी बोलणं झालेलं दिसतंय," तो म्हणायचा, आणि ते खरं निघायचं. ती टपाल कचेरीच्या दारात केंके विकायची. टपाल आलं की गर्दी, गर्दी झाली की तिचं मडकं रिकामं. मंगळवारी बोट भोंगा वाजवून गेली की त्या रात्री वाटणात मीठ नसायचं.

तो वारला तेव्हा मी दूर कुमासी शहरात खेळ करत होतो. तोवर पश्चिमेला मोठं बंदर झालं होतं, आगबोटी तिकडे जायला लागल्या होत्या आणि आमची होडी वाळूवर पालथी पडली होती. पण ते खूप नंतरचं. मला सांगायचंय ते त्याच्या भरातलं.

एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. करार पहिल्यांदा आमच्या किनाऱ्यावर आला तेव्हा टपाल कचेरीचे कारकून मिस्टर बार्टल्स यांनी तो सगळ्या होडीवाल्यांना वाचून दाखवला होता. आमच्याच गावचा माणूस, आजोबा डच, चष्मा सोन्याच्या काडीचा, आणि मनाने फार भला. वाचता वाचता एक कलम आलं. हवामान अनुकूल असल्यास बोटीने प्रत्येक गावी टपाल उतरवावं. आता हवामान अनुकूल हे आमच्या फांटे भाषेत कसं सांगणार? बार्टल्सनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, "दर्याची परवानगी असेल तर."

एबो उठून उभा राहिला होता म्हणे. "हे सरकारने लिहिलंय?"

"सरकारनेच."

"मग सरकार समंजस आहे," म्हणाला आणि खाली बसला.

त्यानंतर जेव्हा जेव्हा मंगळवारी बोट परत गेली तेव्हा बार्टल्सनी एबोला विचारलं, कारण काय लिहू? आणि एबोने सांगितलं, दर्याची परवानगी नव्हती. बार्टल्सनी ते प्रामाणिकपणे पुन्हा इंग्रजीत उतरवलं आणि वरती पाठवलं. हवामान अनुकूल नव्हतं. दोघांनीही खोटं बोलायचं म्हणून काही केलं नाही. पण राजधानीत बसलेल्या साहेबांनी वर्षानुवर्षं तेच वाचलं, आणि एसुआनोचा समुद्र सबंध किनाऱ्यावर सगळ्यात वाईट आहे असं त्यांच्या मनाने घेतलं.

मग एके दिवशी बार्टल्स भर दुपारी, डोक्यावर छत्री नसताना, किनाऱ्यावर आले. तेव्हाच आम्ही ओळखलं की काहीतरी बिनसलंय. आम्ही होडीच्या सावलीत बसलो होतो, शेजारी एकुआ बेंतुमा आपलं मडकं घेऊन होती, आणि कोळ्यांचे मुख्य नाना बोत्वे जाळ्याची भोकं मोजत होते.

"एग्या, कराराची मुदत संपतेय," बार्टल्स म्हणाले. "नवा करार होतोय. त्यात आपलं नाव नाही."

"कशात नाही?"

"ज्या गावांना बोट थांबणार त्यांत. आपल्याकडे टपाल उतरवणं अशक्य आहे असं त्यांचं म्हणणं. पुढच्या बोटीने टपालखात्याचे मोठे साहेब स्वतः येतायत, मिस्टर होल्डन. किनारा डोळ्यांनी बघणार. त्यांना उतरता आलं तर फेरविचार. नाही उतरता आलं तर सगळं क्वानसाक्रोमला."

नाना बोत्वेंनी जाळं खाली ठेवलं. टपाल गेलं म्हणजे नुसत्या चिठ्ठ्या गेल्या नाहीत. बोट थांबायची टपालासाठी, आणि थांबलीच आहे म्हणून पाम तेलाची पिंपं चढायची, कापडाचे गठ्ठे उतरायचे. टपाल गेलं की होड्या गेल्या, होड्या गेल्या की निम्मं गाव गेलं.

"बोट कधी येतेय?" नाना बोत्वेंनी विचारलं.

बार्टल्सनी चष्मा काढून पुसला. "नवा कप्तान आहे. फार नेकीचा. कधी उशीर करत नाही."

"म्हणजे मंगळवारी," एकुआ म्हणाली. "छान. देवाला सुट्टी, तांडेलाला सुट्टी, आता माझ्या मडक्यालाही कायमची सुट्टी."

त्या आठवड्यात एबोला ज्याने त्याने गाठलं. व्यापारी म्हणाले, एकच मंगळवार, एबो, एकच, दर्यादेवाला आपण नंतर मेंढी देऊ. मेथडिस्टांच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, तू ख्रिस्ती माणूस, तुझं लग्न आमच्या चर्चमध्ये झालं, तुला कसली भीती? कोणी सुचवलं, पलीकडच्या किनाऱ्यावरचे क्रू जमातीचे वल्हेकरी भाड्याने आणू, त्यांना मंगळवारचं काही नाही. एबो सगळं ऐकून घ्यायचा आणि एकच उत्तर द्यायचा. "टपाल उतरेल. मंगळवारी होडी लोटणार नाही. परका माणूस माझ्या लाटेत येणार नाही. बाकी तुम्ही जेवून घ्या."

"हे कसं व्हायचं?" मी विचारलं.

"तू गाणं पाठ कर."

मला वाटलं याने हेका धरलाय, त्याच्याकडे उत्तर नाही. सगळ्यांनाच वाटलं. एकुआच्या वाटणातलं मीठ सलग नाहीसं झालं. मग रविवारी संध्याकाळी मला आणि बार्टल्सना बरोबर घेऊन तो नाना बोत्वेंच्या अंगणात गेला. नानांसमोर खाली बसला, पायातल्या चपला काढून, कारण त्या बाबतीत तो फार काटेकोर होता.

"नाना, एक विचारायचंय. सोमवारी मासेमारीला गेलेली होडी मंगळवारी सकाळी घरी परतते. देव रागावतो का?"

"घरी येणाऱ्यावर कोण रागावतं? लोटायची नाही, एवढंच आहे. परतणं वेगळं."

"मग मी सोमवारी दिवस असताना होडी लोटली, लाटांपलीकडे नांगर टाकून झोपलो, आणि मंगळवारी घरी परतलो तर?"

नाना बोत्वेंना हिशेब कळला. मग हसले तेव्हा त्यांचे दोनच दात दिसले. "तू जाळं नेणार आहेस?"

"नाही."

"मासा धरणार आहेस?"

"साहेब धरणार आहे, नाना. वाटेत भेटला तर."

"साहेबाबद्दल आमच्या वडिलांनी काही सांगून ठेवलेलं नाही," नाना म्हणाले. "पण बावटा चढणार हं. मंगळवार तो मंगळवार."

"चढू दे. बावटा लोटणाऱ्यांसाठी आहे."

बार्टल्स घाबरे झाले. "एग्या, साहेब तांबडा बावटा बघतील आणि..."

"बघू देत. त्यासाठीच येतायत ना."

सोमवारी ऊन कलायच्या आत आम्ही होडी लोटली. किनाऱ्यावर अर्धं गाव जमलं होतं. एकुआ बेंतुमाने दोन दिवसांचं केंके बांधून दिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बुडालास तर कोट घरी पाठव. विकून तरी टाकीन." एबोने कोटाची बटणं लावली. "कोट विकशील, पण त्यात बसणारा कुठून आणशील?" बायका टाळ्या पिटत हसल्या. बाहेर गेल्यावर नांगर टाकला. रात्रभर होडी हेलकावत राहिली, माझ्या पोटात जे होतं ते दर्याला पोचलं, आणि एबो कोट पांघरून घोरत पडला.

सकाळी बोट आली. अगदी वेळेवर. तिचा धूर दिसायच्या आधी किनाऱ्यावर तांबडा बावटा चढला होता, आणि तो सगळ्यात आधी कप्तानालाच दिसला असणार, कारण बोटीने नांगरही टाकला नाही. ती आपली हळू झाली, भोंगा द्यायला. आणि भोंगा सुरू होण्याआधी मी घसा साफ करून पहिली ओळ उचलली, दहा वल्ही एकदम पाण्यात गेली, आणि आम्ही तिच्या कुशीला जाऊन लागलो.

वरून कप्तानाने वाकून बघितलं. शाळेत थोडं इंग्रजी शिकलेला मी एकटाच होतो, म्हणून बोलणं माझ्याकडे.

"ही होडी कुठून आली? बावटा तांबडा आहे."

"आम्ही घरी चाललोय," मी म्हणालो. "टपाल असेल तर द्या, वाटेवरच आहे."

एबोने विचारलं, काय म्हणालास? मी सांगितलं. तो म्हणाला, "असं बोलायला मी तुला शिकवलं नव्हतं, पण चालेल."

थैल्या उतरल्या. मग लाकडी पाळण्यात बसवून मिस्टर होल्डनना दोरावरून खाली सोडलं. उंच, पांढरेशुभ्र कपडे, पांढरे बूट, हातात घड्याळ. होडीत मांडलेल्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी दुरूनच तांबड्या बावट्याकडे बोट दाखवलं आणि मला विचारलं, तो कशासाठी? मी म्हणालो, "साहेब, ते किनाऱ्यावर मिस्टर बार्टल्स सांगतील." मला तेवढी अक्कल होती.

लाटांच्या जवळ आल्यावर एबोने वल्हं आडवं धरलं आणि होडी थांबवली. कोटाच्या खिशातून दातण काढून चावायला घेतलं. मोठी रांग चालू होती. एक लाट फुटली, दुसरी फुटली. होल्डनसाहेबांनी घड्याळ बघितलं. आणखी एक फुटली. त्यांनी पुन्हा घड्याळ बघितलं.

"साहेब विचारतात, आपण का थांबलोय?" मी म्हणालो.

"त्यांच्या बुटांसाठी, असं सांग."

मी सांगितलं. साहेबांनी बुटांकडे बघितलं आणि घड्याळ खिशात घातलं. मला तेव्हाच तो माणूस थोडा आवडला.

मग दर्याने दम खाल्ला. पाण्यावर तो एक गुळगुळीतपणा येतो, ज्याने बघितलाय त्यालाच कळतो. एबो म्हणाला, "आता." मी अशी ओळ उचलली की पुढे भरल्या मैदानातही तशी कधी लागली नाही. होडी एका लाटेच्या पाठीवर बसली, उतरली, दुसरीवर बसली, आणि वाळूला टेकली. चौघांनी साहेबांना खुर्चीसकट उचलून कोरड्यावर ठेवलं. बूट पांढरेच्या पांढरे. थैल्यांवर पाण्याचा थेंब नाही.

किनाऱ्यावर ढोल सुरू होणार तेवढ्यात साहेबांनी हात वर केला.

"हा समुद्र उतरण्याजोगा आहे," ते बार्टल्सना म्हणाले. "मग बावटा का? आणि इतकी वर्षं हवामान अनुकूल नव्हतं, हे कोणी लिहिलं?"

बार्टल्सचा चेहरा केंकेसारखा पांढरट झाला. आता गंमत बघा, भाषांतर त्यांनाच करायचं होतं. त्यांनी एबोला फांटेत एवढंच सांगितलं, "साहेब खूश आहेत."

"एवढं लांबलचक बोलून नुसते खूश?" एबो म्हणाला. "कोंबड्या, तू सांग."

मी सगळं सांगितलं. एबो साहेबांच्या समोर जाऊन उभा राहिला. त्याचं डोकं साहेबांच्या टायपर्यंत येत होतं.

"मी लिहायला सांगितलं. तुमच्या करारातच आहे, दर्याची परवानगी असेल तर. मंगळवारी नसते."

बार्टल्सनी ते इंग्रजीत केलं, या वेळी पूर्ण, कारण मी शेजारी उभा होतो. साहेब गोंधळले. मग बार्टल्सनी मान खाली घालून कलमाचं भाषांतर कसं झालं होतं तेही सांगून टाकलं. त्या माणसाने काही लपवलं नाही.

"म्हणजे हा सणवार आहे," साहेब म्हणाले. "हवामान नव्हे. सरकार सणवारासाठी कंपनीला पैसे देत नाही."

हे एबोच्या कानावर गेलं. तो म्हणाला, "साहेबांना विचार, रविवारी त्यांची टपाल कचेरी उघडी असते का?"

साहेब म्हणाले, अर्थातच नाही.

"का? त्या दिवशी हवा वाईट असते?"

बार्टल्सना ते वाक्य इंग्रजीत म्हणवेना. मी म्हणालो. मागे कोणीतरी फुस्सकन हसलं आणि नाना बोत्वेंनी त्याला काठीने ढोसलं.  साहेबांनी खाली आपल्या बुटांकडे बघितलं.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "ठीक आहे. आज तुम्ही आलात. यापुढे दर मंगळवारी असेच याल? हो म्हणा, आणि तुमचं गाव करारात राहील."

सगळं गाव एबोकडे बघत होतं. व्यापारी माना हलवत होते, हो म्हण, हो म्हण. बार्टल्स डोळ्यांनी विनवत होते. हो म्हणायला काय लागतं? एकदा करार झाला की पुढचं पुढे. मीही मनात म्हणत होतो, बोल की बाबा. एबो उभाच होता, दातण नव्हतं तरी चावल्यासारखा.

"नाही," तो म्हणाला. "एक रात्र माझ्या माणसांनी पाण्यावर काढली ती तुम्ही पाहुणे म्हणून. दर खेपेला काढणार नाहीत. हा कोंबडा रात्रभर ओकत होता. तुम्ही मला हो म्हणायला लावाल, मी हो म्हणेन, मग वादळात एखाद्या सोमवारी बाहेर झोपलेली होडी फुटेल, आणि तुमच्या कागदावर पुन्हा हवामानच लिहावं लागेल. बाकी सगळे दिवस मी आहे. एक थैली भिजली तर माझा कोट घेऊन जा. बोटीचा दिवस बदला."

व्यापाऱ्यांपैकी एकाने डोक्यावरची टोपी वाळूवर आपटली. साहेबांनी उत्तर ऐकलं, "कळलं" एवढंच म्हणाले, आणि दुपारी पालखीतून रस्त्याने पुढे गेले.

त्यानंतरचे दिवस एबोला गावाने फार छळलं. सरकारलाही अटी घालतो म्हणून बाजारात बायका त्याला कराराचा सासरा म्हणायच्या. होडीवर दोघा-तिघांनी बोलणं टाकलं. तो मात्र पूर्वीसारखाच संध्याकाळी अंगणात बसायचा, कोणी शिव्या द्यायला आला तर त्याला ताडी पाजायचा. मी विचारलं, "एग्या, भीती नाही वाटत?" तो म्हणाला, "तो माणूस बुटांकडे बघून गप्प बसला होता. गप्प बसता येणाऱ्या माणसाला कळतं." एका संध्याकाळी जेवण आलं, त्यात मासळी मोठी होती. बाजारात एकुआने कोणाला तरी त्याच्या बाजूने झोडपलं असणार.

आणि एके दिवशी बार्टल्स पुन्हा किनाऱ्यावर धावत आले. नव्या करारात आमचं नाव होतं. बोट बुधवारी येणार होती. आधी क्वानसाक्रोम, मग आम्ही, असा क्रम उलटा केला होता. ढोल त्या दिवशी खरे वाजले. टोपी आपटणाऱ्या व्यापाऱ्याने एबोला खांद्यावर घेतलं आणि दोघेही पडले.

गाव थकून झोपी जाईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही की आधी क्वानसाक्रोम म्हणजे त्यांच्याकडे मंगळवारी. त्यांचाही बोसोम्पो तोच. पहिलीच बोट त्यांचा तांबडा बावटा बघून भोंगा वाजवून आमच्याकडे आली, आणि त्यांच्या थैल्या आम्ही उतरवून घेतल्या. आमच्या पोरांनी थैल्यांबरोबर काय काय निरोप पाठवले ते मी इथे लिहीत नाही.

महिन्याभरात क्वानसाक्रोमचे दोन वडीलधारे चालत आमच्याकडे आले, रीतीप्रमाणे जिनची बाटली घेऊन. एबोच्या अंगणात बसले. खाली बघत बोलायला लागले, आमच्यावर हे असं आलंय, तुम्ही साहेबाशी बोलला होतात म्हणे. आम्ही सगळे आजूबाजूला उभे होतो, टोमणे तयार ठेवून. एबोने आमच्याकडे एकदा बघितलं आणि टोमणे तसेच राहिले. त्याने बाटली उघडली, थोडी पितरांसाठी जमिनीवर ओतली, पाहुण्यांना दिली, आणि बार्टल्सना बोलावून घेतलं.

"साहेबांना कळवा, क्वानसाक्रोमलाही मंगळवारी परवानगी नसते. या वेळी कारण नीट लिहा."

"एग्या," बार्टल्स म्हणाले, "ते बोट एक दिवस पुढे ढकलतील, मग त्यांच्या आधीच्या थांब्यावर, तिसऱ्याच गावाला, मंगळवार येईल."

"मग तिसरं गाव येईल," एबो म्हणाला आणि रिकामा पेला पाहुण्यांसमोर धरला. "त्यांना म्हणावं, बाटली जरा मोठी आणा."